सुधारणेस वाव

विहिरीची पाणीपातळी पहिल्यांदा मे महिन्यात मोजावी, दुसऱ्यांदा ऑक्टोबरमध्ये. उलट क्रमाने मोजू नये.

*

प्रश्न १४. विद्यार्थी जन्मतः गुणवान आहे काय? असल्यास केव्हापासून?

*

सा लावताना तोंड पूर्ण उघडू नये. हळद जाते.

*

शकुबाईंना गाण्याचं दुसरं कडवं आजवर कुणीही म्हणू दिलेलं नाही.

*

जवळा बाजारच्या चौकातला फलक: चि. रुद्र यास एकोणीस गुण मिळाल्याबद्दल समस्त मित्रमंडळातर्फे हार्दिक अभिनंदन!

*

सदर पत्राची पोच सदर पत्र मिळण्यापूर्वी द्यावी.

*

हिंगोली शहरात, मोंढा बाजाराच्या मागच्या बाजूला, बालस्वर संवर्धन केंद्र सुरू झालं तेव्हा जिल्ह्यात गुणवान मुलं किती आहेत याचा आकडा कोणाकडेही नव्हता. योजनेत मात्र बारा असं छापलेलं होतं. त्यामुळे बारा निघाली.

केंद्र निवासी होतं. कायमची इमारत होईपर्यंत हळदीचं एक जुनं गोदाम मिळालं. भिंतींमध्ये हळद इतकी मुरलेली होती की तानपुऱ्यांच्या गवसण्या आठ दिवसांत पिवळ्या पडल्या, आणि आलापाच्या मध्यावर एखादं तरी पोरगं शिंकायचंच. संगीतशिक्षक सोमेश्वर सर शिंकेसाठी थांबायचे आणि मग पुढे जायचे. पुढे पुढे त्यांनी ती तालात बसवून घेतली.

केंद्राचे समन्वयक म्हणून माणिकराव प्रतिनियुक्तीवर आले. त्याआधी एकोणीस वर्षं ते पाणलोटाच्या कामात होते. बंधारे, चर, शेततळी. संगीताशी आपला संबंध नाही हे त्यांनी कधी लपवलं नाही. पहिल्याच बैठकीत ते म्हणाले, "गाणं असो की पाणी, आधी किती होतं आणि नंतर किती झालं, एवढंच वर कळवायचं असतं. मधलं काम लोक करून घेतात." इतकं स्वच्छ बोलणारा अधिकारी विरळाच.

बारा मुलांत पंचफुला होती. वय अकरा. पुसेगावच्या पलीकडे मेंढरं राखणाऱ्या आणि थोडी कोरडवाहू जमीन कसणाऱ्या कोंडीबाची थोरली लेक. ती गाताना नेमकं काय करायची हे सांगणं अवघड आहे, कारण ती काही करायचीच नाही. तोंड उघडायची, आणि सूर आधीच तिथे असायचा. पहिल्या दिवशी सोमेश्वर सरांनी तिला तानपुऱ्याशी गळा जुळवायला सांगितला. ती थोडा वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, "सर, ही तिसरी तार थकली." सरांनी तिसरी तार तिच्या गळ्यावरून लावून घेतली.

असं एक लेकरू शिकवायला मिळावं म्हणून सर बावीस वर्षं इतरांच्या लेकरांना परीक्षेपुरतं शिकवत आले होते. त्या दिवशी ते गोदामाच्या मागे जाऊन एकटेच उभे राहिले. परत आले तेव्हा डोळे लाल होते. हळदीनं, असं त्यांनी सांगितलं.

तक्ता अ. पायाभूत चाचणी (जुलै). एकूण गुण १००

कोमल, अठ्ठावन्न.
प्रियंका, एकसष्ट.
रुद्र, त्रेसष्ट.
पंचफुला, अठ्ठ्याण्णव. (पोशाखाचे दोनपैकी शून्य.)
उर्वरित आठ जण मागील पानावर.

तक्ता संचालनालयाकडे गेला. नवव्या दिवशी उत्तर आलं.

"योजनेच्या उद्दिष्टानुसार प्रत्येक लाभार्थ्याच्या स्वरात वर्षअखेर चाळीस गुणांची वाढ अपेक्षित आहे. अनुक्रमांक सात, कु. पंचफुला, हिच्या बाबतीत शक्य असलेली कमाल वाढ दोन गुण असून तीही पोशाखाची आहे. सबब सुधारणेस वाव नाही. वाव नसलेल्या विद्यार्थिनीची निवड कोणत्या परिस्थितीत करण्यात आली याचा खुलासा तीन दिवसांत करावा. अन्यथा तिला कमी करून तिच्या जागी पुरेसा वाव असलेली विद्यार्थिनी घ्यावी."

माणिकरावांनी सरांना बोलावून घेतलं.

"सर, हे काय करून ठेवलं तुम्ही?"

"मी काहीच केलं नाही, साहेब. ती आली तेव्हाच अशी होती."

"तेच तर दुखणं आहे. आपण काही करायच्या आधीच झालेलं आहे. मग आपण कशाला आहोत?"

माणिकरावांनी तक्ता पुन्हा पुढे ओढला.

"चाचणी घेतली कधी?"

"बारा जुलैला. सकाळी सहाला."

"सकाळी सहाला!" माणिकरावांनी चष्मा काढला. "पोरगी झोपून उठलेली, गळा ताजा, बाहेर भुरभुर चालू. अहो, भर पावसाळ्यात विहीर मोजतं का कोणी? मे महिन्यात मोजतात. तळातला दगड दिसतो तेव्हा. मग दिवाळीत मोजली की गावाला पाणी दिसतं."

"साहेब, गळा म्हणजे विहीर नाही."

"फॉर्म एकच आहे."

फेरपायाभूत

पहिली चाचणी रद्द करून दुसरी घ्यायचं ठरलं. पंचफुलाला भर दुपारी दोन वाजता, जेवण झाल्याबरोबर गायला उभं केलं. अठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी आधी कैरीचं लोणचं आणि वर बर्फाचा गोळा दिला. अठ्ठ्याण्णव. तिसऱ्या दिवशी गोदामाला सात फेऱ्या पळवून धापा टाकत असताना सा मागितला. सत्त्याण्णव. चौकशी केली तेव्हा एक गुण परीक्षकांना शिंक आल्यामुळे कमी झाल्याचं निघालं.

"पोशाखात आणखी कापता येतील का?" माणिकरावांनी विचारलं.

"पोशाखाला दोनच आहेत साहेब. ते कापून झाले."

शेवटी सरांनी मुलीला जवळ बसवलं आणि सरळच सांगितलं.

"पंचफुला, जरा चुकीचं गा."

"चुकीचं म्हंजे कसं, सर?"

"म्हणजे सा लावतेस ना, त्याच्या थोडं खाली."

तिनं खाली लावला.

"हा नी झाला."

"खाली त्योच हाय की."

"त्या दोघांच्या मध्ये लाव."

"मधात बी एक हाय," असं म्हणून तिनं तो लावला. तो इतका जागच्या जागी होता की सरांच्या अंगावर काटा आला. बावीस वर्षांत तो त्यांना स्वतःच्या गळ्यात सापडलेला नव्हता.

"अजून एक हाय सर, त्याच्या बी मधात. गाऊ का?"

"नको," सर म्हणाले. "तिकडे पण तू बरोबरच असशील."

अडचणीवर उपाय निघाला तो स्वयंपाकघरातून. केंद्रात मुलांचा स्वयंपाक शकुबाई करत. त्या आखाडा बाळापूरच्या. हात चालायला लागला की तोंडही चालायचं. भाकरी थापता थापता त्या गात होत्या, आणि माणिकराव खुलासा लिहीत होते. लिहिता लिहिता त्यांचं पेन थांबलं. संगीतातलं काहीही न कळणाऱ्या माणसालासुद्धा कळावं इतकं ते स्पष्ट होतं.

"शकुबाई, आत्ता काय म्हणत होतात तुम्ही?"

"काही न्हाई साहेब. देवाचं गाणं. काहून? तकलीफ झाली का?"

"नाही, नाही. किती वर्षांपासून म्हणता?"

"कळतंय तवापासून. आमच्या बाळापुरात माह्या आवाजाला लई मान हाय. भजनाला बसले की पहिलं कडवं सरायच्या आत बायका म्हणतात, शकुबाई, तू ऊठ माय, परसाद वाट."

त्याच दिवशी आदेश निघाला. "संस्थेत उपलब्ध मनुष्यबळाचा सुयोग्य वापर करण्याच्या दृष्टीने श्रीमती शकुबाई यांची विषयतज्ज्ञ (उतार) म्हणून नेमणूक करण्यात येत आहे. स्वयंपाकाच्या कर्तव्यास बाध येऊ नये."

सरांनी विरोध करायचं ठरवलं होतं. मग त्यांनी विचार केला. चार दिवसांचा तर प्रश्न. एकदा तीस-बत्तीस गुण पडले की मुलगी केंद्रात राहील, आणि पुढे वर्षभर तिला खरं गाणं शिकवता येईल. विरोध केला तर ती परत मेंढरांमागे जाईल आणि कोणीच काही शिकवणार नाही. आपल्याकडच्या बहुतेक कायमच्या गोष्टी अशाच चार दिवसांसाठी सुरू झालेल्या आहेत. सरांनी सही केली.

उतार वर्ग

वर्ग चुलीपाशी भरायचा. पहिल्या दिवशी पंचफुला हसली. दुसऱ्या दिवशी तिनं हसणं थांबवलं आणि ऐकायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी तिला आलं.

तिची देणगीच तशी होती. एकदा ऐकलं की तिच्यात जसंच्या तसं उतरायचं. शकुबाईंचा सूर जिथून निसटायचा तिथूनच तिचा निसटायला लागला, जिथे आपटायचा तिथेच आपटायला लागला, आणि आपटून झाल्यावर शकुबाई जसा दम घेत तसाच दम तिनं घेतला.

शकुबाईंचा परातीतला हात थांबला. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "बाई गं! इतक्या वर्सांत माह्यासारखं गाणारं पहिलंच लेकरू पाह्यलं. कुठं लपून बसली होतीस माय?"

"मावशी, मला आता दुसरं कडवं बी शिकवा."

शकुबाईंना दुसरं कडवं शिकव असं आयुष्यात प्रथमच कोणी म्हणत होतं. त्यांनी ते मन लावून शिकवलं.

फेरपायाभूत चाचणीत पंचफुलाला एकतीस गुण पडले. संचालनालयाचं एका ओळीचं पत्र आलं: "वाव समाधानकारक." माणिकरावांनी तिला सर्वांसमोर गुलाबाचं फूल दिलं. कशाबद्दल ते तिला कळलं नाही. फूल मात्र तिनं पाणी घालून तीन दिवस जपलं.

एव्हाना इतर पालक जागे झाले. रुद्रचे वडील तक्ता घेऊन आले. "साहेब, आमच्या पोराचे त्रेसष्ट हायेत. त्यात चाळीस मिळवले तर एकशे तीन व्हतात. वरचे तीन ठेवायचे कुठं? एका पोरीला खास वर्ग, अन् आमचं लेकरू काय रस्त्यावरचं हाय?" प्रियंकाच्या आईचं गणित एक गुणानं अडलं होतं, पण आवाज तितकाच मोठा होता. साठाच्या वर असलेल्या सगळ्यांची हीच तक्रार निघाली. साठाच्या खालच्यांचं म्हणणं पडलं की वरच्यांना दिलेली सवलत खालच्यांना नाकारणं हा अन्याय आहे.

बाराही मुलं चुलीपाशी बसायला लागली. सप्टेंबरात रुद्रनं एकोणीसपर्यंत मजल मारली आणि त्याच्या काकांनी जवळा बाजारच्या चौकात फलक लावला. मोंढ्याच्या रस्त्यावर "खात्रीशीर उतार, दोन महिन्यांत" अशी पाटी घेऊन एक खाजगी वर्ग सुरू झाला. तिथे शिकवणारा गृहस्थ गाण्यात बरा होता, म्हणून तो चालला नाही. इतर जिल्ह्यांतून अभ्यासदौरे येऊ लागले. पाहुण्यांनी शकुबाईंना शाली पांघरल्या, त्यांच्यासोबत फोटो काढले आणि जाताना विचारलं, "ही पद्धत आमच्याकडे कशी राबवता येईल?" शकुबाई म्हणायच्या, "जेवून जा."

सरांचं चार दिवसांचं गणित मात्र जुळेना. पायाभूत गुण भरायचं संकेतस्थळ बंद पडलं. सुरू झालं तेव्हा मुदत वाढलेली होती, आणि मुदत वाढली की गुण ताजे लागत. असं तीनदा झालं. अंतिम यादी लागेपर्यंत खरं गाणं शिकवण्यास बंदी होती, कारण त्यानं पायाभूत पातळी दूषित होते. सावधगिरी म्हणून तानपुरे एका खोलीत ठेवून दाराला लाखेचं सील लावलं. सर दर मंगळवारी सील काढण्याची विनंती करत. दर गुरुवारी त्यांना विनंतीची पोच मिळे.

रजा: चार दिवस. कारण: घरगुती

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कोंडीबा लेकीला न्यायला आला. मेंढ्या विणीला आल्या होत्या.

पहिल्यांदाच व्यालेली एखादी मेंढी बिथरते. कोकराला ओळखत नाही. ते सडाजवळ गेलं की लाथ मारते. कोंडीबाच्या घरात असं झालं की पंचफुलाला बोलवायचे. ती सहा वर्षांची असल्यापासून हे काम तिचंच होतं. ओलं कोकरू मांडीवर घ्यायचं, मेंढीजवळ बसायचं आणि आईकडून उचललेलं एक गाणं हलक्या आवाजात गुणगुणत राहायचं.

*कयाधूच्या काठाला गं, पांढरी आली चरून,*
*तिच्या पाठी तिचं बाळ, उभं वारा हे धरून.*

थोड्या वेळानं मेंढीचे कान खाली यायचे, अंगाचा ताठा जायचा, आणि ती उभी राहून पाजायला लागायची. असं का होतं हे घरात कोणी कधी विचारलं नव्हतं. होत होतं.

या खेपेला एक काळतोंडी मेंढी बिथरलेली होती. पंचफुला जाळीच्या आत गेली, कोकरू घेऊन बसली आणि गुणगुणायला लागली. मेंढीनं कान टवकारले. मागे सरकली. दोर ताणून ताणून जाळीच्या दुसऱ्या टोकाला गेली आणि तिकडे तोंड करून उभी राहिली. बाकीच्या मेंढ्याही एकेक करून तिकडे गेल्या.

पंचफुलाची आई, चांगुणाबाई, हातातलं गवत खाली ठेवून आल्या. "असं काहून गाऊन राहिली माय तू?"

"असंच अस्तंय आई. मावशीनं शिकवलं. माझे एकतीस पडले."

"ते ऱ्हाऊ दे. जुनं गा. माझं गा."

पंचफुलानं तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली. पूर्वी सूर आधीच तिथे असायचा. आता तिथे शकुबाई होत्या. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग पुन्हा. मग आईच्या पदराला धरून म्हणाली, "आई, तूच म्हण ना एकदा." चांगुणाबाईंनी म्हटलं. त्यांचा गळा साधाच होता, आणि मेंढीला तो पुरला नाही.

कोकराला बाटलीनं शेळीचं दूध पाजलं. तिसऱ्या दिवशी दुपारी ते गेलं. पंचफुलानं त्याला पुरायला नेऊ दिलं नाही. मांडीवर घेऊन बसून राहिली. गायली मात्र नाही.

अर्ज

कोंडीबा लेकीला घेऊन केंद्रावर आला तो सरळ माणिकरावांच्या टेबलापुढे उभा राहिला.

"साहेब, पोरीचा गळा आमी बराबर आणून दिला होता. तो वापस द्या."

"कोंडीबा, बसा. गळा तिच्याचकडे आहे."

"हाय. पर त्यात आमचं काही न्हाई."

"अर्ज करा."

कोंडीबानं सरांकडून अर्ज लिहून घेतला. "पोरगी जशी होती तशी करून द्यावी, म्हणजे आमी घेऊन जातो," एवढाच मजकूर. उत्तर मिळायला पंधरा दिवस लागले, कारण ते शेजारच्या टेबलावरून यायचं होतं.

"कार्यालयीन अभिलेखानुसार विद्यार्थिनीची मूळ पातळी एकतीस असून आजरोजीही ती एकतीसच आहे. सबब कोणतीही घट झालेली नाही. यापेक्षा वेगळी पूर्वस्थिती असल्यास अर्जदाराने पुरावा जोडावा."

"अन् ते अठ्ठ्याण्णव?" उत्तर घ्यायला आलेल्या कोंडीबानं विचारलं.

"ती चाचणी रद्द आहे. रद्द चाचणीतले गुण कुणाचेच नसतात."

"मंग मेंढरं हायेत की साक्षीला. चला तुमी."

माणिकरावांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. ते कधीच कोणाचं म्हणणं हसण्यावारी नेत नसत. त्यांनी परीक्षकांची यादी काढली, वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं आणि खेदानं म्हणाले, "त्यांचं नाव यात नाही हो."

कोंडीबानं लेकीची पेटी उचलली. दारात सरांनी त्याला अडवलं. हात जोडले. "दादा, वर्ष पुरं होऊ द्या. यादी लागतेय. सील निघालं की तिचा सूर मी परत आणतो. नाही आणला तर मला विचारा."

कोंडीबानं पेटीकडे पाहिलं, मग पोरीकडे. "तुला काय वाटतं, माय?"

पंचफुला म्हणाली, "सरांला येतंय."

पेटी खाली ठेवली गेली.

चढ वर्ग

अंतिम यादी एक डिसेंबरला लागली. सील निघालं. सरांनी तानपुरा बाहेर काढला, गवसणी झटकली आणि त्या क्षणापासून जेवायलासुद्धा उठणं कमी केलं. सकाळी दोन तास एकच सूर. संध्याकाळी दोन तास तोच. पंचफुला ऐकायची, लावायची, निसटायची, मान हलवून पुन्हा लावायची. शकुबाईंनी स्वतःहून स्वयंपाकघरातलं गाणं बंद केलं. "माह्यामुळं लेकराला तरास नगं," म्हणाल्या. त्या महिन्यातल्या भाकरी मुलांना करपट लागल्या.

पहिल्या आठवड्यात त्रेचाळीस. दुसऱ्यात साठ. बावीस डिसेंबरला सकाळी एकाहत्तर. त्याच दुपारी माणिकराव कागद घेऊन आले.

"अभिनंदन, सर. एकतीस अधिक चाळीस. झालं. आता थांबा."

"थांबा म्हणजे? साहेब, आणखी आठ दिवस द्या. ती आता अगदी जवळ आली आहे."

"दुसऱ्या वर्षाचं उद्दिष्ट पंचवीस आहे. आत्ताच अठ्ठ्याण्णवला नेलीत तर पुढच्या वर्षी वाव कुठून आणायचा? पुन्हा चुलीपाशी बसवणार तिला?" माणिकरावांचा आवाज खरोखर हळवा झाला. "लेकराला किती तकलीफ द्यायची, सर? मला तर बघवत नाही."

सर कागद हातात घेऊन उभे राहिले. पुढे नेली तर वाव संपतो आणि वाव संपला की मुलगी जाते. थांबवली तर ती राहते, आणि पुढच्या वर्षी उरलेलं शिकवता येतं. पुन्हा चार दिवसांचाच प्रश्न होता. फक्त आता चार दिवसांचं एक वर्ष झालं होतं.

ते वर्गात आले. पंचफुला डोळे मिटून बसली होती.

"सर, ते अजून थोडं वर हाय. मला आता ऐकू येऊन राहिलं."

"माहीत आहे."

"मग जाऊ का?"

सरांनी तानपुऱ्यावरचा हात काढला. तारा आपोआप थांबू दिल्या.

"पुढच्या वर्षी," ते म्हणाले.

अंतिम चाचणी, जाहीर

जानेवारीत रामलीला मैदानावर मांडव पडला. बारा मुलांनी नवे पोशाख घातले होते, त्यामुळे दोन गुण कुणाचेच गेले नाहीत. मंचावर बसायला जागा कमी पडली म्हणून मुलांना मंचाच्या खाली बसवलं होतं. पंचफुला शेवटी आली. तिनं कयाधूच्या काठची पांढरी गायली, आणि प्रत्येक सुराच्या अलीकडे, जिथे सांगितलं होतं तिथे, बरोबर थांबली. इतकं अचूक थांबणं सोपं नसतं. त्याला देणगी लागते.

प्रमुख पाहुणे म्हणाले, "एकतीसवरून एकाहत्तर! आमच्या मातीतलं हे सोनं कोणी घडवलं?" माणिकराव उभे राहिले. सोमेश्वर सर पडद्यामागे तानपुऱ्याला गवसणी घालत होते. गाठ त्यांना तीनदा बांधावी लागली.

टाळ्या दोन मिनिटं चालल्या. पालकांच्या राखीव खुर्च्यांवर कोंडीबा आणि चांगुणाबाई होते. कोंडीबा जमिनीकडे पाहत होता. चांगुणाबाई लेकीच्या तोंडाकडे पाहत होत्या, गाणं संपल्यावरही, जणू उरलेलं अजून यायचं आहे. हात मांडीवर होते. शेजारच्या खुर्चीवर तुम्ही होतात. तुम्ही त्यांना कोपरानं ढोसलंत आणि टाळ्या न थांबवता म्हणालात, "अहो, तुमचीच पोरगी ना? काय गायली! वाजवा की."

मग त्यांनीही वाजवल्या.

*

केंद्रासाठी मुलं निवडली त्या दिवशी, पहिल्या चाचणीच्या महिनाभर आधी, अकरा जूनला, पंचफुला गायला उभी राहिली आणि वीज गेली. माईक बंद पडला, पंखे थांबले. सभागृहात दीडशे माणसं होती. ती गाऊन खाली बसली, वीज आली, पंखे फिरायला लागले, तरी टाळी वाजवायचं कोणालाच सुचलं नाही.